फिल्टरवरचं माझं अक्षर

खंडेनवमीच्या आधीच्या आठवड्यात कर्वेनगरात झेंडूचा आणि इंजिन ऑइलचा वास एकत्र येतो. एरवी या दोघांची गाठ पडायचं काही कारण नाही. पण कोपऱ्यावर फुलवाल्यांनी पोती उलटी केलेली असतात आणि शेजारच्या प्रत्येक गॅरेजपुढे गाड्यांची रांग असते, कारण वर्षभर जिला साधं फडकंही मारलेलं नसतं त्या गाडीला पूजेपुरतं तरी आतून-बाहेरून स्वच्छ करावं असं लोकांच्या मनात येतं. ऑक्टोबरचं ऊन डांबरावर आपटून वर येतं, फुलं दुपारपर्यंत माना टाकतात, आणि ऑइलचा वास इतका दाट होतो की तो नाकाला कमी आणि जिभेला जास्त लागतो. मला हा वास आवडायचा. चारचौघांत सांगायला संकोच वाटावा इतका आवडायचा. आता तो आला की मी खिडकी लावून घेतो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, ती पुन्हा उघडते.

"अहो, त्या वासानं काय तुमचं घोडं मारलंय?"

वासानं नाही मारलं.

मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. तीस वर्षं पुस्तकांवर दाखल क्रमांक आणि तारीख घालण्यात गेली. वस्तूवर तारीख घातली की ती वस्तू आपल्या ताब्यात राहते, अशी एक अंधश्रद्धा या धंद्यात असते. निवृत्त झालो आणि सोसायटीने जनरेटर माझ्याकडे सोपवला. आमच्या इमारतीत यंत्रांतलं कळणारे चार इंजिनिअर आहेत, पण ते चौघेही 'या विषयावर एकदा निवांत बसू या' म्हणणारे. मला यंत्रातलं काही कळत नव्हतं. पण मी बसण्याऐवजी खाली जाऊन उभा तरी राहीन, असं लोकांना वाटलं. लोकांचा हा अंदाज किती चुकला ते पुढे येईल.

जनरेटरचं उद्घाटन मला अजून आठवतं. पत्र्याच्या त्या शेडवर संगमरवरी पाटी होती आणि पाटीवर समितीतली अकरा नावं. जनरेटर कोणत्या क्षमतेचा आहे ते पाटीवर नव्हतं. चेअरमनसाहेबांनी नारळ फोडला, तो तिसऱ्या फटक्यात फुटला. बटण दाबलं, तेही तिसऱ्यांदाच लागलं. मग 'ऊर्जेतून स्वयंपूर्णतेकडे' असं भाषण झालं. भाषण चालू असताना ज्या कंपनीकडून जनरेटर घेतला होता तिचा माणूस टाय सावरत प्रत्येकाच्या हातात वार्षिक देखभाल कराराचं गुळगुळीत पत्रक देत होता. त्या पत्रकावर बर्फाच्छादित डोंगर होता. पुण्यातल्या जनरेटरचा आणि त्या डोंगराचा संबंध मला लागला नाही, आणि मी तो कराराला विरोध करायला पुरेसा मानला.

"टाय घातलेल्या माणसाच्या हाताला ऑइल लागत नाही," मी सभेत म्हणालो. "म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या तरी हाताला लागत असणार. मग त्या दुसऱ्यालाच थेट का बोलवू नये?"

लोक हसले, टाळ्या वाजल्या. वाक्य चांगलं झालं की ते खरंही असेल असं मला वाटतं. हा दोष पुस्तकांमुळे लागतो.

तो दुसरा म्हणजे दत्ता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं गॅरेज: वर पत्रा, मागे भिंत, समोर रस्ता. माझी मोटारसायकल वीस वर्षं त्याच्याच हाताखाली होती. मूळचा लोणी काळभोरचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याच्या बोटांच्या चिरांमध्ये काळं तेल कायमचं बसलेलं. हात कितीही धुतला तरी तळहातावर नकाशासारख्या रेषा उरत. गॅरेजला पाटी नव्हती. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "पाटी वाचून येणारं गिऱ्हाईक पाटी वाचूनच जातं, सर." मला तो माणूस तिथेच पटला. भपका नसलेल्या ठिकाणी खोटेपणा राहत नाही, असं मी समजून चाललो होतो. साधेपणा हाही अंगावर घालायचा कपडा असू शकतो, हे कळायला मला फार वेळ लागला.

तेल कसं निवडायचं ते मला त्याने शिकवलं. दुकानात एका ओळीत मांडलेले कॅन, प्रत्येकावर कुठली तरी शर्यतीची गाडी, ज्वाळा, वीज. ते विकत घेताना माणसाला आपण वैमानिक आहोत असं वाटावं. दत्ता त्या चित्रांकडे बघायचाच नाही. कॅन उलटा करून मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवायचा. पंधरा डब्ल्यू चाळीस.

"पयला आकडा पहाटंचा, दुसरा दुपारचा," तो म्हणाला. "गार इंजिन चालू केलं की तेल किती झटक्यात वर पोचतंय, ते पयला सांगतो. तापल्यावर तेलात दम किती ऱ्हातो, ते दुसरा. आपल्या पुण्यात काय बर्फ पडतंय व्हय? मग शून्याचं तेल कशाला घालायचं डिझेलच्या जनरेटरला? त्याच्या पुस्तकात जे लिवलंय तेच घालायचं. दुकानदाराचं आयकायचं न्हाई."

"लोक म्हणतात, तेल म्हणजे इंजिनाचं रक्त," मी म्हणालो.

"खोटं हाय ते. रगत आपलं आपण तयार हुतं. तेल घालाया लागतं."

अशी वाक्यं मी घरी येऊन सुनंदाला ऐकवायचो. ती भाजी निवडता निवडता म्हणायची, "लिहून ठेवा. नाहीतरी मी बोललेलं कुठं लिहिता?"

फिल्टरचंही तसंच. बाहेरून सगळे सारखे, रंगवलेल्या पत्र्याचा डबा. पण दत्ता दोन हातांत दोन घेऊन वजन करायला लावायचा. हलक्यात आतला कागद कमी भरलेला असतो, घड्या विरळ असतात. तोंडाशी बोट घालून आतली रबरी झडप दाखवायची. इंजिन बंद झाल्यावर तेल सगळं खाली उतरून जाऊ नये म्हणून ती असते, आणि स्वस्त फिल्टरात ती कडक प्लास्टिकची निघते. बसवताना रबराच्या कड्याला करंगळीने नवं तेल लावायचं, आणि हातानेच आवळायचं. पान्याने आवळणारा माणूस पुढच्या वर्षी तो काढणाऱ्याला शिव्या द्यायला लावतो. मी पुस्तक विकत घेताना बांधणी दाबून बघतो, तसा फिल्टर दाबून बघायला लागलो. नाना पेठेतल्या दुकानात मी एकदा चार फिल्टर परत करून पाचवा घेतला. दुकानदार म्हणाला, "काका, लग्न जमवताय का?"

हा निवडून आणलेला फिल्टर दत्ताच्या हातात देण्याआधी मी त्याच्यावर काळ्या पक्क्या शाईने तारीख घालायचो. तारीख म्हणजे तिथीच: आश्विन शुद्ध अष्टमी, साल, आणि खाली माझ्या नावाची आद्याक्षरं. दत्ता हसायचा. "सर, इंजिनाला काय पंचांग कळतंय व्हय?" पण फिल्टर दोन्ही हातांत घ्यायचा, प्रसादासारखा.

मग तो कामाला लागायचा आणि मी पाचव्या मजल्यावर निर्मलाताईंकडे कॉफी प्यायला जायचो.

निर्मलाताई संस्कृतच्या शिक्षिका होत्या. एकट्या राहतात. गुडघे इतके गेलेले की लिफ्ट बंद म्हणजे त्यांना घराची कैद. त्यांच्या कॉफीत जायफळ असायचं आणि बोलण्यात लवंग. जनरेटरच्या सर्व्हिसिंगच्या दिवशी मी गेलो की आमचा कुठल्या तरी पुस्तकावरून वाद व्हायचा, आणि तो रंगात आला की खालून दत्ताचा फोन यायचा: "सर, या." मी उठलो की त्या दारापर्यंत येऊन विचारायच्या, "झालं ना हो नीट? मी लिफ्टने बिनधास्त जाऊ ना?"

"बिनधास्त," मी म्हणायचो. पाच वर्षं म्हणालो.

खाली शेडपुढे वर्तमानपत्र पसरलेलं असायचं आणि त्यावर जुना फिल्टर, पोट फाडलेला. दत्ता हॅक्सॉने त्याचा पत्रा कापून काढायचा आणि आतला कागदाचा गठ्ठा उलगडून ठेवायचा. असं करणारा मेकॅनिक मी दुसरा पाहिला नाही. घड्या जुन्या पोथीच्या पानांसारख्या काळ्या, चिकट. त्यातून तेल हळूहळू वर्तमानपत्रातल्या अग्रलेखात मुरत असायचं. मांजरी गावाकडच्या गुऱ्हाळात काकवी सांडते, त्याच रंगाचं. दत्ता एक घडी चिमटीत धरून उन्हाकडे करायचा आणि तिच्यात बारीक काहीतरी चमकायचं.

"बघा. झिजल्याली धातू हाय ही. फिल्टरनं सगळं पोटात घेतलंय. न्हाईतर हे सगळं इंजिनात फिरलं असतं."

मी खाली वाकून बघायचो. त्या क्षणी मला जे वाटायचं त्याला समाधान हा शब्द कमी पडतो. यंत्राच्या आतलं, कुणाला न दिसणारं पाप समोर उघडं मांडून दाखवणारा माणूस आपल्याला मिळाला आहे. कुणी आपल्यापासून काही लपवत नाही. झेंडू, ऊन, काळं तेल, आणि मधोमध हा उघडावाघडा पुरावा. मग मी रजिस्टर उघडायचो. चेअरमनसाहेबांनी त्यात स्वतःच्या हाताने रकाना आखला होता: 'काम समक्ष झाले'. त्यापुढे मी सही करायचो. चांगली लपेटदार.

आता लिहिताना दिसतं की सगळं तिथेच होतं. काढलेल्या फिल्टरच्या पत्र्यावर माझं अक्षर असायला हवं होतं. मागच्या वर्षीची अष्टमी, माझी आद्याक्षरं. पण पत्रा कधीच तिथे नसायचा. "भंगारात टाकला, हात कापतो," दत्ता म्हणायचा. तीस वर्षं परत आलेल्या प्रत्येक पुस्तकाचा शिक्का उघडून बघणाऱ्या माणसाने एकदाही विचारलं नाही, की पत्रा दाखव. मी आतल्या पानांवर इतका खूश होतो की मुखपृष्ठ बघायचं राहून गेलं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या रस्त्यावर खोदाई सुरू झाली. पाण्याची लाइन टाकणाऱ्यांनी विजेची केबल तोडली, ती जोडणाऱ्यांनी पाण्याची लाइन फोडली, आणि हा संवाद सगळा पावसाळाभर चालला. जो जनरेटर एरवी वर्षातून मोजके तास चालायचा, तो रोज सकाळ-संध्याकाळ घरघरायला लागला. नवरात्र बसलं तेव्हा त्याच्या आवाजात एक कोरडी खरखर आली होती. मी दत्ताला म्हणालो, या वेळी जरा लवकर ये. तो म्हणाला, "अष्टमीला येतोच की सर, दरसालसारखा."

पंचमीच्या संध्याकाळी वीज गेली, जनरेटर सुरू झाला, चार मिनिटं चालला आणि एक दणका देऊन थांबला. तसा दणका मी परत ऐकला नाही आणि ऐकायची इच्छाही नाही. इंजिन जाम झालं होतं. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती आणि लिफ्टमध्ये निर्मलाताई होत्या, हातात देवळातून आणलेली ओटीची पिशवी.

वॉचमनला लिफ्टच्या खोलीची किल्ली सापडायला आणि चौघांना मिळून लिफ्ट हाताने खाली घ्यायला पाऊण तास लागला. पाऊण तास मी जिन्यात बसून दाराच्या फटीतून त्यांच्याशी बोलत होतो. पहिली दहा मिनिटं त्या मला उत्तरं देत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही बोलू नका हो. हवा कमी होतेय असं वाटतं." त्यानंतर फक्त श्वास ऐकू येत होता. बाहेर आल्या तेव्हा घामाने साडी अंगाला चिकटली होती आणि हातातली पिशवी त्यांनी सोडली नव्हती. बोटं एकेक करून सोडवावी लागली. सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, हृदयाला काही नाही, पण बंद जागेत आता त्या जाणार नाहीत. पाचवा मजला, ते गुडघे, आणि लिफ्ट वर्ज्य. तेव्हापासून त्या खाली आलेल्या नाहीत. दळणसुद्धा दुसऱ्यांनी आणायचं.

जनरेटर उघडायला शेवटी कंपनीचंच माणूस आलं. प्राची नावाची तिशीची इंजिनिअर, टाय नव्हता. हातमोजे घालून तिने स्वतः सगळं उतरवलं. ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली तर तिच्यावरून तेल ओघळेना, डांबरासारखं चिकटून बसलं होतं. मग तिने पट्टा लावून फिल्टर फिरवला. तो इतका घट्ट बसला होता की पट्टा दोनदा निसटला. निघाला, तिने त्याच्यावरची धूळमाखली चिकट पुटं फडक्याने पुसली आणि थांबली.

"सर, हे कुणी लिहिलंय? अष्टमी वगैरे?"

"मी."

"यावर साल पाच वर्षांपूर्वीचं आहे."

मी चष्मा पुसला. अक्षर माझंच होतं. मी पहिल्या वर्षी दत्ताच्या हातात दिलेला तो पहिलाच फिल्टर. त्यानंतरचे चार, हातांत तोलून, दाबून, दुकानदाराची थट्टा सोसून निवडलेले, कधी या यंत्राला लागलेच नव्हते. तेलही बदललेलं नव्हतं, फक्त वरून थोडं भरलेलं. मग वर्तमानपत्रावर उन्हात चमकणारी ती काळी पानं कुणाची होती?

"कुठल्याही ट्रकची असतील," प्राची म्हणाली. "गॅरेजमध्ये ढिगाने पडलेली असतात."

दत्ताने एका शब्दानेही नाकारलं नाही, याचा मला आजही राग येतो. मी गॅरेजात जाऊन तो फिल्टर त्याच्यासमोर ठेवला. त्याने अक्षराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"व्हय सर. बदलला न्हाई."

"का?"

"आवो, वरसाला धा-वीस तास चालणारं मशीन. त्याला दरसाल नवं तेल, नवा फिल्टर म्हंजी जेवल्याल्याला जेवाया घालणं. या साली लई चालला, ते माझ्या ध्यानात आलं न्हाई. ते चुकलं माझं. पर आधीचं काय वाया न्हाई गेलं. माझ्या भावाच्या ट्रॅक्टरला त्योच फिल्टर बसतो. त्यो दिवसाला धा-धा तास ऊस वढतोय. खोटं वाटत आसंल तर चला, दाखवतो."

"आणि तो फाडून दाखवायचास तो?"

यावर तो पहिल्यांदा थोडा अवघडला. हात पुसायला लागला, जे कधीच पुसले जात नाहीत ते.

"तुमास्नी बघायला आवडायचं, सर. म्हणून दाखवायचो."

लोकांनी मला आजवर बरंच काही ऐकवलं आहे. या वाक्याइतकं अचूक कुणी नाही. टाळ्या घेणारा भपका मी लांबूनच ओळखत होतो: पाट्या, भाषणं, टाय, बर्फाचे डोंगर. पण या माणसाने माझ्यासाठी खास माझ्या मापाचा भपका शिवला होता. वर्तमानपत्र, हॅक्सॉ, ऊन आणि प्रामाणिकपणाचा एक वार्षिक प्रयोग, ज्याला प्रेक्षक एकच. संगमरवरी पाटीला हसणारा मी, त्या वर्तमानपत्रापुढे दरवर्षी वाकत होतो.

मी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून लोणीला का गेलो, हे मला सांगता येत नाही. कदाचित तो खोटं बोलतोय असं निदान एकदा तरी सिद्ध व्हावं म्हणून. सोलापूर रस्त्यावर ट्रकांची धूळ, उसाचा तुरा अजून यायचा होता, कडेला झेंडूचे मळे पिवळेजर्द. दत्ताच्या भावाने अंगणात ट्रॅक्टर धुऊन उभा केला होता. बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं. दत्ता खाली बसला आणि त्याने इंजिनाच्या कुशीतला फिल्टर दाखवला. मागच्या वर्षीची अष्टमी. माझी आद्याक्षरं. शाई जराही पुसली गेली नव्हती. ट्रॅक्टर नीट राखलेला होता.

भाऊ हात जोडून पुढे आला. "तुमीच व्हय ते सर? दत्ता सांगतो, सर सवता पारखून घेत्यात आन् दरसाल देत्यात. आमी दसऱ्याला नाव काढतो तुमचं. आगं, सरांना च्या ठिव."

मी दत्ताकडे पाहिलं. तो ट्रॅक्टरच्या चाकाकडे बघत होता. म्हणजे इथेही एक प्रयोग चालू होता, आणि त्यात मी दाता होतो. भावाच्या बायकोने गुळाचा चहा आणला. तोंडावर सांगावं, की बाबा, मी काही दिलेलं नाही, हे चोरीचं आहे, पाचव्या मजल्यावरच्या एका बाईच्या वाटचं आहे, असं मनात आलं. पण त्या माणसाचे हात अजून जोडलेले होते. मी चहा प्यायलो आणि "असू द्या, असू द्या" म्हणालो. फसवला गेलेला माणूस फसवणाऱ्याची अब्रू राखतो, असा एक अजब शिष्टाचार आपल्याकडे आहे. तो मी पाळला. चहा गोड होता, हे आणखी वाईट.

सोसायटीची सभा कोजागरीला झाली. ती निर्मलाताईंच्या दिवाणखान्यात घेतली, कारण त्या खाली येणार नव्हत्या. चेअरमनसाहेबांनी रजिस्टर उघडलं आणि दरवर्षीच्या 'काम समक्ष झाले' या रकान्यातल्या माझ्या सह्या एकेक करून, थांबत थांबत वाचल्या. तुकड्या-तुकड्याने वाचलं की साधं वाक्यही आरोपपत्र वाटतं. मी सांगून टाकलं: काम माझ्यासमोर झालेलं नाही, एकदाही नाही. दत्ताने मला फसवलं, आणि मी त्या रकान्यात तुम्हाला. चौघा इंजिनिअरांपैकी एकाने 'या विषयावर' म्हणून सुरुवात केली आणि तो थांबला.

मग निर्मलाताई म्हणाल्या, "तुम्ही समोर नव्हतात हे मला माहीत होतं. इथे या खुर्चीत बसून कॉफी पीत होतात."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"मला वाटलं, या माणसाला इतकी खात्री आहे म्हणजे असेलच काहीतरी. तुम्हाला त्याची खात्री, मला तुमची." त्यांनी पदर सारखा केला. "त्या पाऊण तासात मी याचाच विचार करत होते. यात पाहिलं कुणीच नाही."

त्यांनी ते रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्या वाक्याला मी अजून उत्तर शोधतो आहे. देखभालीचा करार झाला, बर्फाच्या डोंगराचं पत्रक आता नोटीस बोर्डावर लागलं आहे, प्राची वर्षातून दोनदा येते, आणि मी तिथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभा राहतो. पाचव्या मजल्यावर मी जातो, दळण देतो. त्या दार उघडतात, पिशवी घेतात, आभार मानतात. वाद होत नाही.

दत्ताचं गॅरेज आहे तिथेच आहे. मी दूधही पलीकडच्या फुटपाथवरून आणतो. विचार केला तर त्याने मला शिकवलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पहिला आकडा पहाटेचाच असतो. झडप रबराचीच हवी. माणूस खोटा आणि त्याचं ज्ञान खरं, ही अडचण पुस्तकांच्या बाबतीत मी सहज सोडवायचो. लेखक कसाही असो, पान चांगलं तर पुस्तक ठेवायचं. माणसाचं तसं करता येत नाही. त्याला फडताळात ठेवता येत नाही, तो रस्त्यात समोर उभा असतो आणि "काय सर" म्हणतो.

म्हणून या नवरात्रात माझ्या मोटारसायकलचं तेल मी स्वतः बदललं. कुणावर विसंबायचं नाही असं ठरवलं होतं, आणि अशा निश्चयात माणूस जेवढा फसतो तेवढा विश्वासातही फसत नाही. मोठ्या, काचेच्या दुकानातून सगळ्यात महागडं तेल आणलं. कॅनवर शर्यतीची गाडी होती. हो, मीच आणलं. पार्किंगमध्ये वर्तमानपत्र पसरून, खालचा नट काढून, दोन तास खपून ते घातलं. दुसऱ्या दिवशी चांदणी चौकाच्या चढावर इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी काही पुढे जाईना. मागून हॉर्न, वरून ऊन. गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ उभा राहिलो. मग दत्ताला फोन लावला. तीन वर्षांनी.

"बोला सर." जणू काल बोललो होतो.

मी काय होतंय ते सांगितलं.

"आवाज चढतोय पर गाडी चढत न्हाई, आसंच ना? कारचं तेल घातलंत तुमी. कारचा क्लच कोरडा आसतो, आपला तेलातच बुडल्याला. त्या महाग तेलात घसरवायचं औषध आसतं, त्यानं क्लचच्या पट्ट्या सरकत्यात. सगळं काढून टाका. मोटारसायकलचंच साधं घाला, शे-दोनशे किलोमीटर चालवा, परत काढा, परत घाला. आन् आयका, पट्ट्या बदला म्हणून कुणीतरी सांगंल. बदलू नका. आपोआप धरतील." मग तो म्हणाला, "घिऊन या. माझ्यासमोर बसा. करून देतो."

"बघतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

तो खरं बोलत होता असं मला वाटलं. पण वाटण्यावर माझा आता हक्क उरलेला नाही. मी भाच्याला विचारलं, तो गाड्यांच्या कारखान्यात आहे. दुकानदाराला विचारलं. प्राचीला फोन केला. तिघांनी तेच सांगितलं, पट्ट्या न बदलण्यासकट. प्राची म्हणाली, "कुणी सांगितलं सर तुम्हाला? अगदी बरोबर सांगितलंय. त्यांच्याकडेच न्या की गाडी."

नेली नाही. वारज्याला एका अनोळखी गॅरेजात दिली आणि तेल गळून संपेपर्यंत, नवं पडेपर्यंत, नट आवळला जाईपर्यंत तिथे उन्हात उभा राहिलो. तिथल्या मेकॅनिकने स्टूल दिलं, मी बसलो नाही. चहा मागवला, मी घेतला नाही. शेवटी हातातला पाना खाली ठेवून तो म्हणाला, "काका, विश्वास नाही का आमच्यावर?"

"नाही," मी म्हणालो.

तो मनापासून हसला. त्याला वाटलं, पुणेरी विनोद आहे.